लाल औषध आणि अर्जुनाची साल

खोपटच्या एसटी स्थानकापासून चालत पाच मिनिटांवर आमची सोसायटी. शेजारच्या वहिनींना गेल्या वर्षी स्तनाचा कर्करोग निघाला आणि दर तीन आठवड्यांनी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून खारघरला केमोसाठी जाणं सुरू झालं. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण मायेने काहीतरी आणायचा. गुळवेलीचा काढा, हळदीच्या गोळ्या, काळी द्राक्षं, ‘हृदयाला जपतं’ म्हणून अर्जुनसालीचं चूर्ण. एके संध्याकाळी वहिनींनी ती सगळी पिशवी माझ्यासमोर रिकामी केली. ‘भावोजी, तुम्ही जन्मभर रसायनशास्त्र शिकवलंत. यातलं मी काय घेऊ?’

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. नंतर जे वाचलं, ताडून पाहिलं, ते इथे मांडतो.

मातीतून आलेलं औषध

वहिनींना मिळणारं औषध लालभडक असतं. त्याचं नाव डॉक्सोरुबिसिन, जुनं नाव अ‍ॅड्रियामायसिन. इटलीच्या दक्षिणेला कास्तेल देल मोंते या तेराव्या शतकातल्या किल्ल्याजवळच्या मातीत १९५०च्या दशकात एक जिवाणू सापडला. त्याच्यापासून लाल रंगाचं डॉनोरुबिसिन मिळालं. पुढे त्याच जिवाणूत बदल घडवून हे दुसरं औषध हाती आलं आणि जवळच्या एड्रियाटिक समुद्राचं नाव त्याला मिळालं. केमोमधलं आणखी एक औषध, व्हिन्क्रिस्टीन, तर आपल्या कुंडीतल्या सदाफुलीतून येतं. म्हणजे ‘केमो म्हणजे केमिकल आणि काढा म्हणजे निसर्ग’ ही वाटणीच चुकीची आहे. दोन्हीकडे रसायनंच आहेत. प्रश्न मात्रेचा आणि पुराव्याचा आहे.

डॉक्सोरुबिसिन पेशीच्या डीएनएमध्ये शिरतं आणि डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-२ या विकराला जखडून टाकतं. भराभर वाढणारी कर्कपेशी त्यामुळे मरते. हृदयाच्या स्नायूपेशींत याच विकराचं दुसरं रूप असतं आणि औषध त्यालाही सोडत नाही. ज्या उंदरांच्या हृदयातून हे रूप काढून टाकलं होतं, त्यांची हृदयं या औषधापासून बचावली, असं २०१२ साली दिसलं. शिवाय औषध पेशीतल्या लोहाशी जोडलं जातं आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना इजा करतं. मेलेल्या स्नायूपेशींच्या जागी हृदय नव्या पेशी जवळपास तयार करत नाही, म्हणून हे नुकसान साठत जातं.

किती साठतं, याचा हिशेब डॉक्टरांकडे असतो. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे एकूण ४०० मिलिग्रॅम औषध गेलं, तर सुमारे ५ टक्के रुग्णांचं हृदय निकामी होऊ लागतं. ५५० मिलिग्रॅमला २६ टक्के, ७०० ला ४८ टक्के, असं २००३ सालच्या एका मोठ्या आढाव्यात आढळलं. स्तनाच्या कर्करोगात साधारणपणे ६० मिलिग्रॅमचे चार डोस देतात, म्हणजे एकूण २४०. हा आकडा ऐकून वहिनींच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. मात्र आधीच रक्तदाब किंवा हृदयरोग असेल, वय जास्त असेल, छातीवर किरणोपचार झाले असतील, तर कमी मात्रेतही सावध राहावं लागतं.

साल, हळद, द्राक्ष

ओढ्या-नद्यांच्या काठी वाढणारा अर्जुन आपल्याकडे सादडा म्हणूनही ओळखला जातो. दुधात उकळलेली त्याची साल हृदयरोगावर देण्याची आयुर्वेदाची परंपरा जुनी आहे. डॉक्सोरुबिसिन दिलेल्या उंदरांना या सालीचा अर्क दिला, तेव्हा त्यांच्या हृदयाचं नुकसान कमी झालं. हळदीतलं करक्युमिन आणि द्राक्षाच्या सालीतलं रेझ्वेराट्रॉल यांचेही प्राण्यांवरचे असेच निष्कर्ष आहेत. या वाटेवर खरंच काहीतरी आहे.

मग ही औषधं का झाली नाहीत? एक तर हळदीत करक्युमिन असतं जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास, आणि तेही आतड्यातून रक्तात फार थोडं पोहोचतं. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. अशा कित्येक प्रयोगांतल्या प्राण्यांना कर्करोग नसतोच. हृदयाच्या पेशीला वाचवणारं रसायन गाठीच्या पेशीलाही वाचवत असेल तर? २००२ साली स्तनाच्या कर्करोगावरच्या प्रयोगांत करक्युमिनमुळे केमोच्या काही औषधांचा मारा बोथट झालेला दिसला. त्या औषधांत डॉक्सोरुबिसिनही होतं.

टाटा मेमोरियलमध्ये डॉ. इंद्रनील मित्रा यांनी रेझ्वेराट्रॉलची वेगळी बाजू पाहिली. केमोने मरणाऱ्या पेशींमधून डीएनएचे तुकडे बाहेर पडतात आणि निरोगी पेशींत शिरून त्यांना इजा करतात, असं त्यांच्या गटाचं म्हणणं. रेझ्वेराट्रॉलमध्ये अत्यल्प तांबं मिसळलं की त्यातून निघणारे ऑक्सिजनचे मुक्त कण हे तुकडे मोडून टाकतात. एरवी पेशीचा रक्षक म्हणून ओळखलेलं रसायन इथे मोडतोडीचं काम करतं. मायलोमाच्या रुग्णांच्या छोट्या गटात या मिश्रणाने केमोनंतरचे तोंडातले व्रण कमी झाल्याचं २०२२ साली प्रसिद्ध झालं. हा प्रयोग हृदयासाठी नव्हता. पण वनस्पतीतल्या रसायनाची परीक्षा कशी घ्यायची, हे त्यातून दिसतं: ठरलेली मात्रा, ठरलेली वेळ, रुग्णांवर नजर.

गुळवेलीची गोष्ट

पिशवीतल्या गुळवेलीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. कोविडच्या पहिल्या वर्षी, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. मात्र पुढे देशातल्या अनेक रुग्णालयांतूनही अशा नोंदी आल्या. डॉक्सोरुबिसिनचा निचरा यकृतच करतं. यकृत आजारलं की औषध शरीरात रेंगाळतं. म्हणूनच बिलिरुबिन वाढलं की डॉक्टर डोस कमी करतात. प्रतिकारशक्तीसाठी प्यायलेला काढा असा यकृतामार्गे हृदयापर्यंत पोहोचू शकतो.

हृदय जपण्याचे पारखलेले उपाय आज उपलब्ध आहेत. लोहाला बांधणारं आणि हृदयातल्या त्या विकरालाही जपणारं डेक्सराझोक्सेन अमेरिकेत १९९५ साली मंजूर झालं. २०२३ साली लिम्फोमाच्या ३०० रुग्णांवर कोलेस्टेरॉलच्या अ‍ॅटोरव्हास्टॅटिन या गोळीच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयाची पंप करण्याची ताकद लक्षणीय घटलेले रुग्ण गोळी घेणाऱ्यांत ९ टक्के होते, न घेणाऱ्यांत २२ टक्के. कोणाला यातलं काय लागेल, हे डॉक्टर ठरवतात. केमोआधी टू-डी इको, नंतरही सांगितल्या वेळी इको, रक्तदाब आटोक्यात, झेपेल तेवढं चालणं, आणि धाप लागली किंवा पाय सुजले तर त्याच दिवशी कळवणं, एवढं मात्र प्रत्येकाच्या हातात आहे.

पुढच्या वेळी वहिनी ती पिशवीच घेऊन खारघरला गेल्या. ‘काही बाहेरचं घेता का?’ या प्रश्नाला आजवर त्या ओशाळून ‘नाही’ म्हणत आल्या होत्या. या वेळी एकेक डबी टेबलावर मांडली. काढा आणि गोळ्या बंद झाल्या, भाजीतली हळद राहिली, द्राक्षं धुऊन खायला परवानगी मिळाली. अर्जुनाचं चूर्ण कपाटात ठेवलं आहे. उपचार संपले की पुन्हा विचारायचं, असं त्यांनी डबीवर चिठ्ठी लावून लिहिलंय.

आजाऱ्याला भेटायला जाताना हात रिकामा नको वाटतो, हे मला समजतं. काढ्याऐवजी इकोच्या दिवशी सोबत जायची तयारी दाखवा. खोपटहून खारघरपर्यंतच्या गर्दीत वहिनींना त्याचीच खरी गरज होती.