पिन नको, अंगठा चालेल!

आज बोलूया माणदेशीबद्दल. सातारा जिल्ह्यातलं म्हसवड, म्हणजे दुष्काळी माण तालुका. रोजची पाच-दहा रुपयांची बचत बँका घेईनात, म्हणून चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी स्वतःचीच बँक काढायचं ठरवलं. १९९६ मध्ये रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला. का, तर अनेक सभासद अंगठा उठवणाऱ्या!

पुढचं खरं भारी आहे. बायका म्हणाल्या, मग आम्हाला शिकवा. दिवसभर कष्ट, नंतर अक्षरओळख. काही महिन्यांनी त्या थेट अधिकाऱ्यांसमोर: कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ ला लायसन्स मिळालं. (व्याज तोंडी? मला तर ईएमआयलाही ॲप लागतं.)

शिक्षण, नेतृत्व झालं. आता टेक्नॉलॉजी, म्हणजे माझा प्रांत. डिजिटल बँकिंग आलं तेव्हा याच भागातल्या बायकांनी पिनला नकार दिला. पिन कुणालाही कळू शकतो, अंगठा कोण चोरणार? आम्ही इंजिनिअर लोक गृहीत धरतो की फोन एकाचा, पासवर्डही एकाचाच. पण घरात फोन एक आणि तो नवऱ्याच्या खिशात असेल, तर पिन गुप्त राहणार कसा? म्हणून त्यांनी मागितलं बायोमेट्रिक. ज्या अंगठ्यापायी अर्ज परत आला होता, तोच आता पासवर्ड!

२००८ पासून माणदेशीचा स्वतःचा कम्युनिटी रेडिओही आहे. त्यावर पुढच्या भागात.