भाग १९ : पंप भरपूर चालतोय, तरी कोरल का गेलं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढून टाकलेत, बाकी सगळं तसंच आहे.

[००:४०] आधी माझी चूक

मी राहतो छत्रपती संभाजीनगरात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, आणि नळाला पाणीसुद्धा रोज येत नाही. अशा गावात मी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा रीफ टँक ठेवलाय. आईचं म्हणणं, “प्यायला पाणी साठवून ठेवतो आपण, आणि तू त्यात मीठ घालतोस!” मुद्दा बरोबर आहे तिचा.

टँक छोटा आहे. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३६ उंच. गुणाकार केला की ६४.८ लिटर होतात. दगड आणि वाळूची जागा वजा केली की खरं पाणी साधारण ५५ लिटर.

हौशी लोकांत एक ठोकताळा चालतो : सॉफ्ट कोरल असतील तर टँकमधलं पाणी तासाला १० ते २० वेळा फिरलं पाहिजे. म्हणजे माझ्या टँकला तासाला ५५० ते ११०० लिटर. मी म्हटलं, कमी नको पडायला. फिल्टरचा पंप ४०० चा होता, त्यात १६०० चा एक वेव्हमेकर लावला. झाले २०००, म्हणजे ३६ पट. आकडा बघून मी खूश!

दोन आठवड्यांत माझं लेदर कोरल बुडाशी सडून गेलं.

[०२:१५] सरासरीने फसवलं

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम मस्त असतो आणि तरी काही युजर्सचं पेज उघडतच नाही. ‘तासाला ३६ पट’ ही पण सरासरीच आहे. पाणी नेमकं कुठे फिरतंय हे ती सांगत नाही.

माझा वेव्हमेकर डाव्या कोपऱ्यातून थेट दगडावर मारा करत होता. दगडाच्या पुढे वादळ, मागे डबकं. आणि लेदर कोरल होतं मागे. हे कोरल अधूनमधून अंगावरची मेणासारखी पातळ साल टाकतं. ती साल वाहून न्यायला प्रवाह लागतो. नाही मिळाला तर घाण तिथेच चिकटून राहते आणि खालचा भाग कुजायला लागतो.

[०३:३०] प्रवाह लागतोच कशाला?

मे महिन्यात लाइट जाते तेव्हा आठवा. अंगाला घाम असतो, पण हवा हलत नाही म्हणून तो वाळत नाही. अंगालगतची दमट हवा तिथेच बसलेली असते. पंखा सुरू झाला की ती हटते आणि बरं वाटतं. हवा तीच, फक्त हलली.

कोरलच्या अंगाला पण असाच पाण्याचा एक पातळ थर चिकटलेला असतो. कोरल जागचं हलू शकत नाही. त्याला जे हवं ते या थरातून आत येतं, नको ते याच थरातून बाहेर जातं. पाणी जोरात वाहिलं की थर पातळ होतो आणि ये-जा वेगाने होते.

गंमत बघा. कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडात अन्न बनवतं आणि ऑक्सिजन सोडतं. हा ऑक्सिजन आतच साठला तर अन्न बनवण्याचं काम मंदावतं. इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवलं, की प्रवाहामुळे हा जादा ऑक्सिजन बाहेर पडतो आणि प्रकाशसंश्लेषण वाढतं. म्हणजे महागडा लाइट घेतला आणि प्रवाहात कंजुषी केली, तर लाइटचे पैसे वायाच.

झेनिया जातीची काही कोरल्स तर हाताची मूठ उघडझाप करावी तशी सतत हलतात. २०१३ च्या एका संशोधनात दिसलं, की या उघडझापीमुळे त्यांच्याभोवतीचं पाणी ढवळलं जातं आणि प्रकाशसंश्लेषणाला मदत होते. स्वतःचा पंप स्वतःच!

[०५:२०] मग मी काय बदललं

एक. दगड मागच्या काचेपासून पाचेक सेंटिमीटर पुढे घेतला आणि मधे कमान ठेवली. पाण्याला मागून जायला वाट मिळाली.

दोन. १६०० चा वेव्हमेकर काढला. ८०० चे दोन छोटे डीसी वेव्हमेकर समोरासमोर लावले, कंट्रोलरवर आळीपाळीने चालणारे. मालवणला स्नॉर्केलिंग करताना मी पाहिलं होतं, तिथे पाणी एकाच दिशेला धावत नाही. पुढे जातं, मागे येतं. खडकावरचं सगळं झुलत असतं. तेच हवंय.

तीन. तोंड कोरलकडे नाही, समोरच्या काचेकडे वळवलं. धार काचेवर आपटून पसरते. थेट धार बसली तर कोरल मिटून बसतं. मशरूम कोरलला शांत जागा, झोअँथिडला मध्यम, लेदरला जरा जास्त.

चार. चाचणी. चिमूटभर कोरलचं पावडर फूड पाण्यात सोडा आणि बघा. कण जिथे खाली बसतात, तिथे प्रवाह मेलाय. यासाठी कुठलंही अ‍ॅप लागत नाही.

[०६:५०] खोक्यावरचा आकडा आणि पाणचक्की

आपली पाणचक्की पाहिलीये ना? १७ व्या शतकातली. उत्तरेकडच्या डोंगरातून मातीच्या नळांतून पाणी यायचं, उंच भिंतीत चढायचं आणि वरून हौदात पडायचं. मोटर नाही, फक्त उंचीतला फरक. म्हणजे पाणी वर चढवण्याची किंमत कोणीतरी मोजतंच. तिथे डोंगराने मोजली, इथे तुमचा पंप मोजतो.

खोक्यावर लिहिलेले ४०० लिटर पाणी अजिबात वर चढवायचं नसतानाचे असतात. उंची, पाइपची वळणं, पंपात साचलेला चुना, सगळं त्यातून कापलं जातं. म्हणून मी महिन्यातून एकदा पंप सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात चालवतो आणि स्वच्छ धुऊन परत लावतो.

[०८:००] लाइट गेल्यावर

प्रवाह थांबला की खरा धोका ऑक्सिजनचा. रात्री शैवालचं काम बंद असतं, सगळे फक्त श्वास घेतात. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि आपला उन्हाळा ४० च्या पुढे जातो. म्हणून एक वेव्हमेकर पृष्ठभागाकडे वळवा. वर लहर दिसली पाहिजे.

माझा वेव्हमेकर १२ व्होल्टचा, ५ वॅटचा. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. निम्मीच वापरायची धरली तरी आठ तास निघतात. गेल्या मे महिन्यात रात्री साडेतीन तास लाइट नव्हती. आम्ही गच्चीवर झोपलो होतो, खाली टँकमध्ये वेव्हमेकर चालू होता. सकाळी सगळी कोरल्स उघडलेली.

[०९:१०] जाता जाता

समुद्रातून कोरल आणू नका, तुटलेला तुकडासुद्धा नाही. खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, समुद्रपंखे, काळं प्रवाळ हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाइतकंच संरक्षित आहे. दुकानदार ‘सगळे ठेवतात हो’ म्हणाला तरी नाही म्हणा. मी फक्त सॉफ्ट कोरल ठेवतो, आणि तेही एकाने आपल्या टँकमध्ये वाढवून दिलेले तुकडे.

लेदर कोरल मी पुन्हा आणलं, पण पावडरच्या चाचणीत तीन आठवडे कुठेही कण बसले नाहीत, त्यानंतरच. तुमच्या टँकमध्ये कण कुठे बसतात, ते आज रात्री बघा. पुढच्या भागात : टँकमधलं पाणी उडून कमी झालं की वरून मिठाचं पाणी का घालायचं नाही. भेटूया!