वाचनाविषयी बोलणे : इंग्रजी संभाषण-परीक्षेतील एक प्रश्न आणि गागोद्याचा एक वाचक

परदेशी विद्यापीठांत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या किंवा व्यवसायानिमित्त परदेशी जाणाऱ्या मराठी तरुणांना इंग्रजीच्या ज्ञानाचे प्रमाणपत्र बहुधा सादर करावे लागते. त्यासाठी घेतल्या जाणाऱ्या परीक्षांपैकी १९८९ साली सुरू झालेली आयेल्ट्स ही परीक्षा सर्वपरिचित आहे. तिच्या संभाषणविभागात परीक्षार्थीच्या वाचनाचा विषय वारंवार येतो. आपणांस वाचनाची आवड आहे काय, कोणत्या प्रकारची पुस्तके आवडतात, लहानपणी काय वाचीत होता, अलीकडे वाचलेल्या एखाद्या पुस्तकाविषयी सांगा, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असतात. वरवर पाहता ते अत्यंत सुलभ वाटतात. तथापि अनेक परीक्षार्थी नेमके याच ठिकाणी अडखळतात, आणि त्याचे कारण केवळ इंग्रजीच्या कच्चेपणात शोधणे पुरेसे नाही.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. संभाषणविभाग ११ ते १४ मिनिटांचा असून त्याचे तीन भाग असतात. पहिल्या भागात परिचित विषयांवर ४ ते ५ मिनिटे प्रश्नोत्तरे होतात. दुसऱ्या भागात एक विषयपत्रिका देण्यात येते. तीवर विचार करण्यास १ मिनिट मिळते आणि त्यानंतर १ ते २ मिनिटे सलग बोलावयाचे असते. तिसऱ्या भागात त्याच विषयाच्या व्यापक अंगांविषयी ४ ते ५ मिनिटे चर्चा होते. मूल्यमापन चार कसोट्यांवर केले जाते : ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा पल्ला व अचूकता, आणि उच्चार. या चारही कसोट्यांना सारखेच महत्त्व आहे. परीक्षार्थीने वाचलेले पुस्तक थोर आहे की सामान्य, त्याची अभिरुची उच्च आहे की नीच, यांस येथे गुण नाहीत. किंबहुना त्याने ते पुस्तक खरोखर वाचले आहे की नाही, हेही तपासले जात नाही.

यावरून कित्येकांनी असा निष्कर्ष काढला आहे की, उत्तर खरे असण्याची आवश्यकताच नाही. एखाद्या गाजलेल्या इंग्रजी कादंबरीवरील तयार उत्तर पाठ केले म्हणजे झाले. हा निष्कर्ष नीतीच्या दृष्टीने कसा आहे हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी भाषाव्यवहाराच्या दृष्टीने तो चुकीचा आहे. पाठ केलेला मजकूर पहिली दोन वाक्ये वेगाने पार पडतो. परंतु त्या पुस्तकातील कोणता प्रसंग आवडला, का आवडला, तुमच्या गावी इतर लोक काय वाचतात, असे प्रश्न येताच बोलणाऱ्याजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही. आशय शोधणे आणि त्याला परकी वाक्यरचना देणे ही दोन्ही कामे एकाच क्षणी करावी लागतात, आणि त्याचा परिणाम प्रथम ओघावर होतो. उलट आशय स्वतःच्या अनुभवातील असेल, तर मनाचे सर्व बळ भाषेकडे लावता येते.

येथे एक रास्त शंका उपस्थित होईल. ज्याचे खरे वाचन पोथी, दिवाळी अंक, गावच्या वाचनालयातील वर्तमानपत्र आणि स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शिका एवढेच आहे, त्याने काय सांगावे? हे वाचन सांगण्यास तो संकोचतो, कारण प्रश्नात गृहीत धरलेले वाचन निराळे असते. फावल्या वेळी, एकट्याने, मनातल्या मनात, करमणुकीसाठी केलेले ग्रंथवाचन, अशी कल्पना त्या प्रश्नामागे असते. मराठी समाजातील वाचनव्यवहार याहून विस्तृत आहे. वाचन, पठण, पारायण, मनन, चाळणे हे शब्दच त्याची साक्ष देतात. श्रावणात घरोघरी पोथी वाचली जाते ती मोठ्याने, इतरांनी ऐकण्यासाठी. सप्ताहातील पारायणात तोच ग्रंथ पुनःपुन्हा वाचण्यास महत्त्व असते. इंग्रजीतील ‘रीडिंग’ या एका शब्दात हे सर्व कोंबले म्हणजे त्यातील भेद नाहीसे होतात, आणि ‘मी फावल्या वेळात पुस्तके वाचतो’ एवढेच निर्जीव वाक्य हाती राहते.

या दृष्टीने एका मराठी वाचकाचे उदाहरण उपयुक्त ठरेल. पेण तालुक्यातील गागोदे या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे, म्हणजेच विनोबा, यांचा जन्म झाला. तेव्हाचा कुलाबा जिल्हा तो १९८१ पासूनचा रायगड जिल्हा होय. वडील बडोद्यास नोकरीस असल्याने पुढील शिक्षण तेथे झाले. शाळेत वडिलांच्या इच्छेनुसार त्यांनी फ्रेंच भाषा घेतली. संस्कृतचे अध्ययन मागाहून झाले. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले असता ते सुरतेस उतरले आणि काशीस गेले. त्याच वर्षी ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले व पुढे अध्ययनासाठी रजा घेऊन वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांजकडे राहिले.

या काळाचा वृत्तान्त त्यांनी १९१८ साली गांधीजींना पत्राने कळविला. ते पत्र म्हणजे आपल्या वाचनाविषयी कसे बोलावे याचा एक नमुनाच आहे. आपणांस वाचनाची फार आवड आहे, असे मोघम विधान त्यात केलेले नाही. कोणते ग्रंथ अभ्यासिले ते तेथे नावानिशी येते : उपनिषदे, गीता, ब्रह्मसूत्रे व त्यांवरील शांकरभाष्य, मनुस्मृती, पातंजल योगदर्शन. वाचलेले इतरांना कसे दिले हेही येते : गीता सहा विद्यार्थ्यांना, ज्ञानेश्वरीचे सहा अध्याय चौघांना, नऊ उपनिषदे दोघांना शिकविली. विद्यार्थ्यांनी दळण दळून मिळविलेल्या पैशांतून ग्रंथसंग्रहास साह्य केल्याचाही उल्लेख त्यात आहे. ग्रंथ, सोबती, संख्या आणि हेतू या चार गोष्टींनी तो वृत्तान्त भरीव झाला आहे.

पुढील हकीकतही बोधप्रद आहे. संस्कृत गीता आपणांस समजत नाही, ती मराठीत हवी, अशी विनोबांच्या आईची इच्छा होती. उपलब्ध भाषांतर तिला कठीण वाटले, तेव्हा तूच का करीत नाहीस, असे तिने मुलास सुचविले. १९१८ मध्ये ती निवर्तली. ‘गीताई’ १९३०-३१ मध्ये रचली गेली. एका गृहिणीची वाचनविषयक आवड व अडचण यांतून एक ग्रंथ निर्माण झाला. अशा वाचनास फावल्या वेळचा छंद म्हणता येत नाही. पण त्याविषयी सांगण्यासारखे किती आहे, हे उघड आहे.

आता भाषिक अंगाकडे वळू. मराठी भाषकाच्या वाचनविषयक उत्तरांत आढळणाऱ्या काही चुकांचे मूळ मातृभाषेच्या रचनेत दाखविता येते. मराठीत रीतिवर्तमानकाळाचे ‘मी रोज वाचत असतो’ असे रूप आहे. ते जसेच्या तसे उतरविल्याने ‘आय ॲम रीडिंग एव्हरी डे’ हे वाक्य तयार होते. इंग्रजीत नित्याच्या सवयीसाठी साधा वर्तमानकाळच पुरतो. रीतिभूतकाळातील ‘वाचत असे’ यास ‘यूस्ड टू रीड’ हे जुळते, परंतु तेच रूप आजच्या सवयीसाठी वापरले जाते आणि ऐकणाऱ्याची अशी समजूत होते की, परीक्षार्थीने वाचन सोडून दिले आहे. ‘दोन वर्षांपासून वाचतो आहे’ यातून ‘सिन्स टू यीअर्स’ ही सर्वश्रुत चूक उद्भवते. कालावधी सांगताना तेथे ‘फॉर’ हवे आणि क्रियापद ‘हॅव बीन रीडिंग’ असे हवे. ‘मला वाचायला आवडते’ या रचनेतील ‘वाचायला’ हे रूप मनात असल्याने ‘एंजॉय टू रीड’ असे म्हटले जाते. वास्तविक ‘लाइक’ या क्रियापदास दोन्ही रूपे चालतात, ‘एंजॉय’ला मात्र ‘रीडिंग’ हेच रूप लागते.

याउलट खऱ्या वाचनाच्या कथनाने काही लाभ आपोआप पदरात पडतात. दिवाळी अंकाचेच उदाहरण घ्यावे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेल्या या प्रथेस इंग्रजीत तयार प्रतिशब्द नाही. त्यामुळे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास निघणारा, ज्यात कथा, कविता, लेख व व्यंगचित्रे एकत्र असतात असा विशेषांक, हे परीक्षकास समजावून द्यावे लागते. समजावून देताना ‘विच’, ‘व्हेअर’ यांनी आरंभ होणारी गौणवाक्ये वापरणे भाग पडते. पारायणाविषयी बोलताना मोठ्याने वाचणे, पुन्हा वाचणे व पाठ म्हणणे यांतील भेद सांगण्यासाठी तीन निराळी क्रियापदे लागतात. म्हणजेच शब्दसंपत्ती आणि व्याकरणाचा पल्ला या दोन कसोट्या ज्याची अपेक्षा करतात, तेच स्थानिक आशय बोलणाऱ्याकडून करवून घेतो. सर्वांच्या तोंडी असलेल्या पुस्तकाच्या बाबतीत त्याचे नाव घेतले की समजावून देण्याची गरज सरते आणि वाक्ये आखूड राहतात.

सरावाची रीत यावरून सुचते. विद्यार्थ्याने प्रथम गेल्या आठ दिवसांत जे जे वाचले ते मराठीत टिपावे. भ्रमणध्वनीवरील बातमी आणि पाठ्यपुस्तक यांनाही त्यातून वगळू नये. प्रत्येकापुढे कोठे, कोणासह, मोठ्याने की मनात, कशासाठी, हे लिहावे. मग त्यांपैकी एकच नोंद घेऊन तिला लागणारी इंग्रजी क्रियापदे शोधावी, एक मिनिट विचार करावा आणि दोन मिनिटे बोलावे. लिहून काढून पाठ करू नये. सोबत्याने ‘का’ आणि ‘कसे’ असे तीन प्रश्न विचारावे, व दुसऱ्या दिवशी तीच नोंद नव्या वाक्यांत पुन्हा सांगावी.

पेण-रोह्याच्या परिसरातून येणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षकाने उसनी अभिरुची पुरविली, तर त्याचे गुण वाढण्याचा संभव थोडा, आणि आपले वाचन सांगण्यायोग्य नाही ही त्याची समजूत मात्र पक्की होते. परीक्षेची कसोटी अशी समजूत कोठेही मागत नाही. ती आपल्याच अध्यापनपद्धतीतून आली आहे आणि तेथूनच ती काढून टाकता येईल.