बाइटाचे रुपये-आणे

एखादी गोष्ट पूर्णपणें खरी आहे असें सांगावयाचें झालें कीं आपण आजहि 'सोळा आणे खरी' असें म्हणतों. १ एप्रिल १९५७ रोजीं आपल्याकडे दशमान नाणीं सुरू झालीं, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि आणा हळूहळू व्यवहारांतून नाहींसा झाला. भाषेंत मात्र तो राहिला. तो आणखी एका ठिकाणीं राहिला आहे. तें ठिकाण म्हणजे संगणकाचें पोट. तेथें त्याला आणा असें कोणी म्हणत नाहीं, परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या खातेवहींत सोळाच्या पटीनें हिशेब मांडण्याची जी रीति होती, तीच तेथें नांदत आहे.

हें मला समजलें तें एका गांवाच्या नांवामुळें. वर्धा जिल्ह्यांत आष्टी हें तालुक्याचें गांव आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्यें तेथील लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, माणसें पडलीं. त्या दिवसाच्या स्मरणार्थ गांवाला 'शहीद आष्टी' म्हणतात. आमच्या नात्यांतील एक कुटुंब तेथलें. १९९० नंतरच्या दशकांत त्या घरांतील मुलीच्या एका दाखल्यावर गांवाचें नांव 'आषटी' असें छापून आलें. दुसऱ्या कागदावर तें 'आष्टी' असें शुद्ध होतें. नांवें जुळत नाहींत म्हणून तिचा अर्ज परत आला, आणि प्रवेशाची मुदत संपावयास चारच दिवस उरले होते. कारकुनांचें म्हणणें, छपाईचें यंत्र जोडाक्षर नीट उमटवीत नाहीं. यंत्र दुरुस्त करणाराचें म्हणणें, यंत्र निर्दोष आहे, नोंदच चुकलेली आहे.

या वादाचा निवाडा कसा व्हावा? पडदा पाहून भागत नव्हतें, कारण पडदाहि अक्षरें स्वतः जुळवूनच दाखवितो. यंत्रानें आपल्या स्मृतींत मुळांत काय सांठविलें आहे, तेंच उघडून पाहावयास हवें होतें. तें काम एका तरुण अभियंत्यानें दहा-बारा आज्ञांची एक लहानशी आज्ञावली लिहून केलें. ती आज्ञावली काय करते, तेवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

संगणक अक्षरें सांठवीत नाहीं; तो आंकडे सांठवितो. आंकडा ठेवण्याच्या त्याच्या लहानशा कप्प्याला बाइट म्हणतात. बाइटांत आठ बिट असतात आणि प्रत्येक बिट एक तर शून्य असतो, नाहीं तर एक. या आठ जागांत शून्यापासून दोनशें पंचावन्नपर्यंत कोणताहि आंकडा बसतो. आतां या आठ बिटांचे चार-चारांचे दोन भाग करा. चार बिटांत शून्यापासून पंधरापर्यंतचे सोळा आंकडे मावतात. खालच्या चार बिटांना आणे समजा आणि वरच्या चार बिटांना रुपये समजा. खालचे आणे सोळा झाले कीं वरचा एक रुपया वाढतो. १६५ हा आंकडा घ्या. १६५ आण्यांचे दहा रुपये पांच आणे होतात. बाइटाच्या वरच्या भागांत नेमके दहा आणि खालच्या भागांत नेमके पांच असतात. भरलेला बाइट म्हणजे २५५ आणे, अर्थात् पंधरा रुपये पंधरा आणे. सोळाव्या रुपयाला तेथें जागा नाहीं.

हीच षोडशमान पद्धति. दशमान पद्धतींत १६५ लिहिलें तर कोणते बिट चालूं आहेत हें आंकड्यावरून दिसत नाहीं. रुपये-आणे करून लिहिलें तर बाइटाचे दोनही अर्ध वेगळे दिसतात. अडचण एकच. दहा ते पंधरा या प्रत्येक आंकड्याला एकेकच चिन्ह हवें. आपल्या जुन्या खातेवह्यांत ही सोय होती. पावलीला एक उभी रेघ, अधेलीला दोन, पाऊण रुपयाला तीन; आणि त्यापुढच्या एक, दोन वा तीन आण्यांना तितक्याच आडव्या रेघा. तेरा आणे म्हणजे तीन उभ्या आणि एक आडवी. संगणकवाल्यांनीं रेघांऐवजीं रोमन अक्षरें घेतलीं. दहाला ए, अकराला बी, बाराला सी, तेराला डी, चौदाला ई आणि पंधराला एफ. म्हणजे दहा रुपये पांच आणे झाले 'ए५', आणि भरलेला बाइट झाला 'एफएफ'.

आतां यंत्राला हें कसें करावयास लावावें तें पाहूं. उदाहरणासाठीं इंटेल कंपनीचा ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर घेतों. तो १९७६ चा. त्याचा वडील भाऊ ८०८० हा १९७४ चा. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या या ८०८५ वर शिकल्या. प्रयोगशाळेंतील त्याच्या पाटीवर सोळा अंकांच्या कळा आणि तांबड्या प्रकाशाचे सहा अंक असत. चार अंक स्मृतींतील पत्त्याचे आणि दोन त्या पत्त्यावरील बाइटाचे. तेथें प्रत्येक अंक सात लहान दांड्यांनीं बनतो. मोठा बी काढला तर तो आठासारखा दिसे आणि मोठा डी शून्यासारखा. म्हणून तीं दोन अक्षरें धाकट्या रोमन लिपींत काढीत.

असेंब्ली भाषा म्हणजे प्रोसेसरला त्याची एकेक मूळ आज्ञा एकेका शब्दानें देण्याची भाषा. तींत हें काम दोन पायऱ्यांनीं होतें. पहिली पायरी वांटणीची. मूळ बाइटाची एक प्रत बाजूला ठेवावयाची, कारण पुढें तो बाइट मोडणार आहे. मग 'आरआरसी' ही आज्ञा चार वेळां द्यावयाची. ती प्रत्येक वेळीं सर्व बिट एकेक घर उजवीकडे सरकविते आणि उजव्या टोकाचा बिट फिरवून डाव्या टोकाला आणते. चार वेळां फिरविल्यावर रुपये आणि आणे यांची अदलाबदल होते. त्यानंतर वरचे चार बिट पुसून टाकले कीं हातांत केवळ रुपये राहतात. त्यांचें अक्षर करून दाखविलें कीं बाजूला ठेवलेली प्रत घ्यावयाची, तिचेहि वरचे चार बिट पुसावयाचे, म्हणजे आणे मिळतात.

दुसरी पायरी अक्षर करण्याची. आणि नवशिका फसतो तो येथेंच. नऊ ही संख्या वेगळी आणि पडद्यावर उमटणारें नऊ हें चिन्ह वेगळें. चिन्हांना ठरलेले क्रमांक असतात. १९६३ मध्यें अमेरिकेंत प्रथम प्रसिद्ध झालेल्या आस्की नांवाच्या संकेतांत शून्याच्या चिन्हाला ४८, नवाच्या चिन्हाला ५७ आणि ए या अक्षराला ६५ हे क्रमांक आहेत. शून्य ते नऊपर्यंत काम सोपें. संख्येंत ४८ मिळविले कीं चिन्ह तयार. परंतु दहांत ४८ मिळविले तर ५८ होतात, आणि ५८ वर ए नसून विसर्गासारखीं दोन टिंबें आहेत. नऊ आणि ए यांच्यामध्यें सात परकीं चिन्हें बसलेलीं आहेत. त्यांना ओलांडण्यासाठीं दहा वा अधिक आंकड्यांत आणखी सात मिळवावे लागतात. हे सात विसरणाराच्या पडद्यावर 'ए५' च्या जागीं दोन टिंबें आणि पांच दिसतात. भरलेल्या बाइटाच्या जागीं तर दोन प्रश्नचिन्हें उभीं राहतात.

सरळ रीति अशी कीं, आंकडा दहापेक्षां लहान आहे काय हें तपासावें. नसेल तर सात मिळवावे. मग सर्वांनाच ४८ मिळवावे. ८०८५ वर या आज्ञांना नऊ बाइट जागा लागते. परंतु जेथें सारी स्मृतिच थोडक्या किलोबाइटांची, तेथें तीन बाइटहि वांचविणारे लोक होते. त्यांनीं सहाच बाइटांची एक रीति प्रचारांत आणली, आणि तींत 'हा आंकडा दहापेक्षां लहान काय' असा प्रश्नच विचारावा लागत नाहीं.

त्या रीतींत 'डीएए' म्हणजे दशमान-शुद्धीची आज्ञा वापरतात. आपल्या कामापुरता तिचा नियम असा. आणे नवाच्या वर असतील तर सहा आणे मिळवावे. त्यानंतर रुपये नवाच्या वर असतील तर सहा रुपये मिळवावे. रुपये सोळांवर गेले तर सोळा रुपये थैलीबाहेर पडतात आणि 'हातचा एक' म्हणून यंत्र तेवढी आठवण ठेवितें. आतां कृति ऐका. आंकड्यांत नऊ रुपये मिळवा, शुद्धि करा, चार रुपये आणि हातचा असल्यास तो एक आणा मिळवा, पुन्हां शुद्धि करा.

आंकडा नऊ असेल तर नऊ रुपये नऊ आणे होतात. शुद्धीला कांहींच काम नाहीं, हातचाहि नाहीं. चार रुपये मिळविले, तेरा रुपये नऊ आणे झाले. तेरा हे नवाच्या वर, म्हणून सहा मिळवून एकोणीस; त्यांतले सोळा बाहेर पडले, राहिले तीन रुपये नऊ आणे. त्यांचे आणे करा: सत्तावन्न. हाच नवाच्या चिन्हाचा क्रमांक! आतां आंकडा दहा घ्या. नऊ रुपये दहा आणे. आणे नवाच्या वर, सहा मिळविले, सोळा आण्यांचा रुपया होऊन दहा रुपये झाले. रुपयेहि नवाच्या वर, सहा मिळविले, सोळा झाले आणि सारे बाहेर पडले. थैलींत शून्य, हातचा एक. चार रुपये आणि हातचा एक आणा मिळविला. चार रुपये एक आणा, म्हणजे पांसष्ट. हें ए अक्षर! वाटेंतलीं सात परकीं चिन्हें आपोआप ओलांडलीं गेलीं. दहापासून पंधरापर्यंत कोणताहि आंकडा श्रोत्यांनीं घरीं कागदावर घालून पाहावा; एफपर्यंत हिशेब चुकत नाहीं.

आतां पुन्हां आष्टीकडे वळूं. त्या वेळीं भारतीय लिप्यांसाठीं इस्की हा संकेत चालत असे. भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ मध्यें तो प्रमाण केला होता आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें, जिची स्थापना १९८८ ची, आपल्या साधनांतून तो कचेऱ्यांपर्यंत पोंचविला होता. त्यांत प्रत्येक वर्णाला एक बाइट असे. 'आष्टी' या नांवाचे पांच बाइट होतात. आ म्हणजे ए५. ष म्हणजे डी६. पाय मोडण्याची खूण म्हणजे ई८. ट म्हणजे बीडी. आणि शेवटची दीर्घ वेलांटी म्हणजे डीसी. त्या अभियंत्याचें शिक्षण ८०८५ वर झालेलें; कचेरींतील संगणक इंटेलच्याच पुढच्या घराण्याचा, आणि त्यालाहि दशमान-शुद्धीची आज्ञा येत होती. त्यानें आज्ञावली चालविली आणि पडद्यावर उमटलें: ए५, डी६, बीडी, डीसी. चारच बाइट! ई८ नव्हता. जुन्या भाषेंत सांगावयाचें तर खात्यांतली साडेचौदा रुपयांची रक्कम गळली होती. छपाईच्या यंत्रानें मिळालें तेंच छापलें होतें. नोंद करणाराकडून पाय मोडण्याची कळ दाबावयाची राहून गेली होती.

एकदां चूक कोठें आहे हें दिसल्यावर वाद संपला. नोंदींत तो एक बाइट घातला गेला, दाखला पुन्हां छापला, आणि मुलीचा अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशीं पोंचला. आकांडतांडव करूनहि जें झालें नसतें, तें चार आंकडे वाचतां आल्यानें झालें.

आतां इस्की मागें पडली आहे. युनिकोडच्या आजच्या प्रचलित लेखनांत 'आष्टी'ला पंधरा बाइट लागतात आणि पाय मोडण्याच्या खुणेलाच तीन: ई०, ए५, ८डी. दशमान-शुद्धीची आज्ञाहि इंटेलच्या घराण्यांतील प्रोसेसरांच्या चौसष्ट-बिटी रीतींत उरलेली नाहीं. उलट आपल्या खातेवहींतील त्या उभ्या-आडव्या रेघांना युनिकोडनें २००९ मध्यें आपल्या यादींत जागा दिली. पावलीच्या रेघेचा क्रमांक आहे ए८३०, आणि तो अर्थातच षोडशमानांत लिहिला जातो.

संकेत बदलतील, यंत्रें बदलतील. पण यंत्रानें आपलें नांव कसें नोंदविलें आहे हें पाहावयाचें झालें, तर बाइट उघडून त्याचे रुपये-आणे करण्यावांचून गत्यंतर नाहीं. या कृतींत मूळ आंकडा रतिभरहि बदलत नाहीं. केवळ तो आपल्याला वाचतां येतो. आणि वाचतां आलें म्हणजे 'यंत्रच तसें छापतें' या उत्तरावर कोणाला परत फिरावें लागत नाहीं.