संकष्टीची ड्यूटी

सकाळी ८. एरवी पोचवायची पहिली ऑर्डर पोह्यांची. आज साबुदाणा खिचडी, सोबत काकडीची कोशिंबीर. हॉटेलवाल्यांनी ॲपवर उपवासाचे पदार्थ वेगळे लावलेत.

११. पुण्यातली सदाशिव पेठ. नकाशावरची खूण वाड्याच्या मधोमध येऊन थांबते. आत बिऱ्हाडं अनेक, जिने तीन. ॲपला रस्ता आणि घरनंबर हवा असतो. आजी फोनवर सांगतात, "चिमण्या गणपतीपाशी आलास ना? मग कुणालाही विचार." पत्त्याखाली 'जवळची खूण' लिहायला जागा असते, माझ्या मते अख्ख्या ॲपमध्ये सगळ्यात कामाची.

दुपारी १. आयटीवाल्यांची बिर्याणी पोचवली आणि लगेच जैन थाळी आली: कांदा, लसूण, बटाटा काही नको. बॅग मात्र एकच. दारात काकू विचारतात, "यात आधी नॉनव्हेज होतं का हो?" होतं, असं सांगितलं. पार्सल सीलबंद होतं, हेही सांगितलं. काकूंनी पिशवी दोन बोटांनी धरून आत नेली. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शाकाहारी ऑर्डरींसाठी वेगळी माणसं आणि त्यांना हिरवा गणवेश जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी हिरवा रंग मागे घेतला, माणसं वेगळीच ठेवली. नेहमीच्या लाल शर्टवाल्याला सोसायट्या फाटकावरच अडवतील, ही भीती होती. ती खरीच होती. पार्सलमध्ये काय आहे ते विचारून मगच सोडणारे वॉचमन आम्हाला रोज भेटतात.

३. सूचना: बेल वाजवू नका. पुण्यात दुपारच्या झोपेच्या वेळी ही सूचना लिहायची गरज आहे, असं नाही.

५. आजोबा रोख देतात, सुट्ट्यांसह, मोजून. यूपीआय आलं तरी रोख सुटलेली नाही. कार्डावर वाढलेल्या उबरनेसुद्धा टॅक्सीचं भाडं रोखीत घ्यायला पहिल्यांदा सुरुवात केली ती २०१५ मध्ये, हैदराबादेत.

रात्री ८. एरवी ही गर्दीची वेळ. आज फोन गप्प, आम्ही चहावर.

९. आता खरी कसोटी. चंद्रोदय नऊनंतर, उपवास त्यानंतरच सुटणार, आणि वेळ घरोघरी कॅलेंडरात पाहून ठेवलेली. सगळ्यांना त्याच पंधरा मिनिटांत जेवण हवं. उशीर झाला तर मोदक गार, लवकर गेलो तर, "दादा, जरा थांबता का? आधी नैवेद्य दाखवते." थांबलो की पुढच्या ऑर्डरचं घड्याळ लाल होतं. ॲपच्या हिशेबात चंद्र नाही. हॉटेलवाल्या मावशींच्या हिशेबात आहे: मोदकपात्र त्या साडेआठच्या आधी गॅसवर चढवतच नाहीत.

११. रोख जमा, लॉगआउट.

पुढच्या संकष्टीला मागवणार असाल तर ऑर्डर जरा आधी द्या, चंद्रोदयाची वेळ सूचनेत लिहा आणि पत्त्यात जवळचं देऊळ टाका.