वेगवान मोटारीचा जमाखर्च

यंत्रे आणि व्यवहार : लेखांक सहावा

मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे, आणि म्हणूनच दाणावैरण, नालबंदी, औषधपाणी, इतकेच नव्हे तर घोडा रणात पडल्यास दुसरा उभा करण्याची तजवीज, हा सारा भार त्याच्याच शिरावर असे. अतिवेगवान मोटार विकत घेणारा गृहस्थ या अर्थाने शिलेदारच होय; परंतु घोड्याला वर्षाकाठी काय लागते हे शिलेदाराला घोडा घेण्यापूर्वीच ठाऊक असे, आणि मोटार घेणाऱ्याला ते बहुधा मोटार दारात आल्यानंतर कळते. लहानशा इंजिनातून मोठी अश्वशक्ती कशी काढली जाते, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. त्या अश्वशक्तीपोटी मालकाला पुढे वर्षानुवर्षे जी रक्कम मोजावी लागते, तिचा हिशेब या लेखांकात मांडावयाचा आहे.

अशा मोटारीचा मुख्य खर्च पेट्रोलचा, ही समजूत फार रूढ आहे, आणि ती खरी नाही. या मोटारी बहुधा सुट्टीच्या दिवशीच बाहेर निघतात. वर्षाला चार हजार किलोमीटर धाव आणि लिटरला सहा किलोमीटर असा हिशेब धरला, तर सुमारे ६६७ लिटर पेट्रोल लागेल आणि लिटरचा दर शंभर रुपये मानल्यास वर्षाचे सदुसष्ट हजार रुपये होतील. ही रक्कम सामान्य संसाराच्या दृष्टीने लहान नव्हे. परंतु ज्या मोटारीच्या केवळ ब्रेकच्या चार डिस्क बदलण्यास कित्येक लाख रुपये पडतात, तिच्या खातेवहीत पेट्रोलची बाब बरीच खाली लिहावी लागते.

मग खरा खर्च उपजतो कोठे? त्याचे मूळ पदार्थविज्ञानाच्या दोन साध्या नियमांत आहे. धावत्या वस्तूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि हवेचा अवरोध तोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. दीड टन वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने चालली असता तिच्यात सुमारे ५.८ लाख ज्यूल ऊर्जा साठलेली असते. वेग दुप्पट झाला की तीच ऊर्जा २३ लाख ज्यूलांवर जाते, आणि ब्रेक दाबताच ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन डिस्कमध्ये शिरते. हवा कापण्यास लागणारी शक्ती तर दुप्पट वेगाला आठपट होते. वेग दुप्पट झाला म्हणून झीजही दुप्पट होईल, या भाबड्या त्रैराशिकाने ज्याने आपला हिशेब बसवला, त्याचा हिशेब पहिल्याच वर्षी चुकतो.

या नियमांचे अंतिम टोक पाहावयाचे असेल तर फ्रान्समधील मोल्सहाइम येथे २००५ पासून तयार होऊ लागलेल्या बुगाटी वेरॉनकडे पाहावे. आठ लिटरचे सोळा सिलिंडरांचे इंजिन, चार टर्बोचार्जर, दहा रेडिएटर आणि १,००१ अश्वशक्ती हा तिचा सरंजाम. ताशी ४०७ किलोमीटर ही तिची कमाल गती. त्या गतीने ती अखंड चालवली, तर शंभर लिटरची टाकी सुमारे बारा मिनिटांत रिकामी होते आणि तिच्यासाठी मिशलँ कंपनीने मुद्दाम घडवलेले टायर सुमारे पंधरा मिनिटांत संपतात. हा दाखला टोकाचा असला, तरी तो ज्या तत्त्वाचा आहे ते तत्त्व लहान प्रमाणात प्रत्येक वेगवान मोटारीला लागू आहे. रस्त्याला घट्ट धरणारे रबर मऊ असावे लागते, आणि मऊ रबर लवकर झिजते. पकडही हवी आणि आयुष्यही हवे, अशी दुहेरी मागणी रसायनशास्त्राला अद्याप पुरती मान्य झालेली नाही. ब्रेकच्या बाबतीतही असाच सौदा आहे. पोर्शने २००१ मध्ये ९११ जीटी२ या मोटारीला सिरॅमिक डिस्क बसवल्या. कार्बनचे तंतू आणि सिलिकॉन यांच्यापासून, सुमारे १,७०० अंश सेल्सियसच्या भट्टीतून तयार होणारी ही डिस्क ओतीव लोखंडाच्या डिस्कच्या जवळजवळ निम्म्या वजनाची असते आणि प्रखर उष्णतेतही आपला गुण सोडत नाही. रोजच्या रहदारीत ती वर्षानुवर्षे टिकतेही. परंतु चाक काढताना एखाद्या अननुभवी फिटरच्या हातून तिच्या कडेचा टवका उडाला, तर बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

तथापि टायर आणि ब्रेक हा डोळ्यांना दिसणारा खर्च झाला. न दिसणारा खर्च कसा असतो, हे सांगण्यास फेरारी एफ३५५ इतके बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. १९९४ ते १९९९ या काळात इटलीतील मारानेल्लोच्या कारखान्यातून या मालिकेच्या अकरा हजारांहून अधिक मोटारी बाहेर पडल्या. साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच याप्रमाणे चाळीस व्हॉल्व्ह, टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, आणि मिनिटाला ८,२५० फेऱ्यांच्या वेगाला ३८० अश्वशक्ती, म्हणजे टर्बोचार्जरच्या साहाय्यावाचून लिटरमागे जवळजवळ १०९! त्या दशकातील यंत्रशिल्पाचा हा एक उत्कर्षबिंदू होता, असे मी निःशंकपणे म्हणतो. परंतु हे चाळीस व्हॉल्व्ह योग्य क्षणी उघडावे आणि मिटावे यासाठी क्रँकशाफ्टची गती वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोचवण्याचे काम ज्यांच्याकडे आहे, ते पट्टे रबराचे आहेत. गाडी एक किलोमीटरही चालली नाही, तरी रबर काळाने कडक होते, त्याला भेगा पडतात. म्हणून जाणते मालक हे पट्टे दर तीन ते पाच वर्षांनी बदलून घेतात. पट्टा चालत्या इंजिनात तुटला, तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचा अंतर्भाग उद्ध्वस्त होतो.

पट्टा स्वतः महाग नाही. महाग आहे ती त्याची जागा. या मोटारीत इंजिन चालकाच्या पाठीमागे उभे बसवले आहे आणि पट्ट्यांची बाजू नेमकी आसनांमागील भिंतीकडे वळलेली आहे, त्यामुळे भिंत आणि इंजिन यांच्यामध्ये मिस्त्रीचा हात चालेल एवढीही जागा नाही. परिणामी पट्टे बदलावयाचे म्हणजे गाडी लिफ्टवर चढवून, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागील चौकट हा सगळा संच खालून उतरवावा लागतो. हे काम तासांचे नसून दिवसांचे आहे, आणि पाश्चात्त्य देशांत त्याचे देयक कित्येक हजार डॉलरांच्या घरात जाते. त्यातील पट्ट्यांची किंमत नगण्य, बाकी सर्व मजुरी. शिवाय एकदा इंजिन खाली आले की पाण्याचा पंप, होज, पट्टा ताणून धरणारी बेअरिंग, झिरपू लागलेली सीले हेही त्याच हाताने बदलून घेणे शहाणपणाचे ठरते, आणि मूळ अंदाज आणखी वर चढतो. सुरुवातीच्या गाड्यांतील व्हॉल्व्ह गाइड लवकर झिजत आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडे जात, ही या मालिकेची आणखी दोन सुपरिचित दुखणी; इंजिन उतरवल्यावर त्यांचीही तपासणी करावी लागते.

येथे कारखानदाराला दोष देणे सोपे आहे. पण हे इंजिन ज्यांनी आखले त्यांच्यापुढे तोलाचा प्रश्न होता. जड इंजिन शक्य तितके मध्यभागी आणि शक्य तितके खाली बसवावे, म्हणजे गाडी वळणावर चालकाच्या हाताला आज्ञाधारक राहते, हे त्यांनी साधले. आणि त्यासाठी मिस्त्रीची सोय सोडून दिली. १९९९ मध्ये आलेल्या ३६० मोडेना या पुढील मालिकेत त्याच कारखान्याने आसनांच्या मागे एक झडप ठेवली, जिच्यातून इंजिन न उतरवता पट्ट्यांपर्यंत पोचता येते. आणि २००४ च्या एफ४३० मध्ये पट्टे जाऊन साखळ्या आल्या, म्हणजे ही बाब खातेवहीतून जवळजवळ निघूनच गेली. देखभालीचा खर्च ग्राहकाच्या नशिबाने ठरत नाही, तो आराखड्याच्या कागदावर ठरतो. वाचवलेला प्रत्येक किलोग्रॅम आणि वाढवलेली प्रत्येक फेरी टिकाऊपणाकडून उसनी घेतलेली असते, आणि त्या उसनवारीची फेड मालकाला करावी लागते.

ही फेड केवळ किलोमीटरांच्या नव्हे, तर पंचांगाच्याही हिशेबाने होते, ही गोष्ट आपल्याकडील मालकांनी विशेष लक्षात घ्यावी. ब्रेकचे ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, आणि पाणी मुरलेल्या अवस्थेत हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणून गाडी चालो अथवा उभी राहो, साधारणपणे दर दोन वर्षांनी ते बदलावे. मुंबई आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत या बाबतीत हयगय करू नये. नव्वदीच्या दशकातील फेरारी गाड्यांत आतील बटणांवर मऊ रबरी लेप देत असत; उष्ण हवेत तो लेप कालांतराने विरघळल्यासारखा होऊन हाताला चिकटू लागतो. एका जागी महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरांना खालून सपाटी येते, बॅटरी बसते, सीले सुकतात. गाडी जपून ठेवली म्हणजे खर्च वाचला, हा भ्रम आहे.

आता सरकारी देण्यांकडे वळू. इटलीत डिसेंबर २०११ च्या हुकमाने १८५ किलोवॅटच्या वरील प्रत्येक किलोवॅटमागे दरसाल २० युरो असा जादा कर बसवण्यात आला. २०१९ मधील फेरारी एफ८ त्रिब्यूतो ही ५३० किलोवॅटची. तेव्हा तिच्या मालकाला नेहमीच्या वाहनकराखेरीज वर्षाला ६,९०० युरो द्यावे लागतात. गाडी पाच वर्षांची झाली की हा जादा कर ६० टक्क्यांवर, दहा वर्षांनी ३० टक्क्यांवर, पंधरा वर्षांनी १५ टक्क्यांवर येतो आणि वीस वर्षे पुरी झाल्यावर माफ होतो. वर सांगितलेली एफ३५५ ही २८० किलोवॅटची. तिचा पूर्ण दराचा कर १,९०० युरो झाला असता, परंतु १९९६ साली तयार झालेल्या गाडीला २०१२ मध्ये तो अवघा २८५ युरो पडला. गाडी जुनी होत जाते तसा सरकारचा तगादा कमी होतो आणि गॅरेजचा वाढतो.

महाराष्ट्राची पद्धत निराळी आहे. येथे कर नोंदणीच्या वेळी एकदाच आणि किमतीवर घेतात. आयात केलेल्या मोटारीला तो २० टक्के आहे, आणि त्याची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख रुपये करण्यात आली आहे. याचा हिशेब असा की, दीड कोटीची आयात मोटार पुरे २० टक्के भरते आणि पाच कोटींची मोटार अवघे सहा टक्के. मला इटलीची पद्धत अधिक न्याय्य वाटते; तीत शक्तीचे मोल दरवर्षी मालकाच्या नजरेपुढे राहते.

विम्याच्या बाबतीत आपल्याकडे १,५०० सीसीवरील सर्व मोटारींना त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा हप्ता सारखाच असतो. २०२२ मध्ये तो ७,८९७ रुपये ठरला. खरा भार स्वतःच्या गाडीच्या विम्याचा. त्यातही मूळ शर्तींप्रमाणे टायर, बॅटरी, रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. तेव्हा पॉलिसीतील घसाऱ्याचे कलम वाचल्यावाचून सही करू नये. किमतीपेक्षा दुरुस्ती मोठी होऊ शकते याचे प्रसिद्ध उदाहरण ब्रिटनचे आहे. अभिनेते रोवन ॲटकिन्सन यांनी १९९७ मध्ये ६ लाख ४० हजार पौंडांना घेतलेल्या मॅक्लॅरेन एफ१ ला २०११ मध्ये अपघात झाला आणि विमा कंपनीने दुरुस्तीपोटी सुमारे ९ लाख १० हजार पौंड दिले. अवघ्या १०६ गाड्यांच्या या मालिकेचे मोल तोवर इतके वाढले होते की, हा व्यवहार कंपनीलाही परवडला. २०१५ मध्ये ती गाडी ८० लाख पौंडांना विकली गेली. परंतु अशा भाग्यवान गाड्या थोड्या. बहुसंख्य वेगवान मोटारींची किंमत पहिल्या काही वर्षांत वेगाने उतरते.

आणि खरा धोका याच उताराच्या पायथ्याशी आहे. फेरारी कंपनी २०११ पासून नव्या गाड्यांची नियमित सर्व्हिसिंग सात वर्षे विनामूल्य करून देते. टायर, ब्रेक, क्लच यांची झीज मात्र त्यात येत नाही. आठव्या वर्षी ही सवलत संपते, आणि पहिला मालक गाडी विकावयास काढतो तो बहुधा याच सुमारास. नवी असताना जी गाडी आवाक्याबाहेर होती, ती आता निम्म्या किमतीत दिसते आणि हौशी माणसाचे मन डळमळते. पण गाडीची किंमत उतरली, तरी तिच्या सुट्या भागांची आणि मजुरीची किंमत उतरत नाही. ती नव्या गाडीच्याच दराने मागितली जाते. स्वस्तात मिळालेली जुनी अतिवेगवान मोटार ही सर्वांत महाग मोटार होय, हे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून अशी गाडी घेऊ इच्छिणाऱ्या वाचकाला माझी विनंती आहे की, गाडीचा रंग आणि तिचा आवाज यांकडे जाण्यापूर्वी तिचे दप्तर मागावे. पट्टे शेवटचे केव्हा बदलले, ब्रेकचे ऑइल केव्हा, टायरांवर कोरलेल्या चार आकड्यांप्रमाणे ते कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यातले आहेत, आणि या सर्वांच्या पावत्या आहेत की नाहीत, याची खातरजमा करावी. पावती नसेल तर ते काम झालेलेच नाही असे धरावे, आणि त्याचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करूनच भाव सांगावा.