निवडणुकीचा कौल आणि मतदाराचे संमिश्र मन : चांदूर बाजारच्या संदर्भात एक विवेचन

निवडणुकीचा निकाल लागला की त्याची नोंद दोनच शब्दांत होते : अमुक निवडून आला, तमुक पडला. मतदाराच्या मनातील नोंद इतकी सरळ नसते. ज्याचा उमेदवार विजयी झाला तोही खिन्न असू शकतो, आणि ज्याचा पडला त्यालाही मनातून हायसे वाटू शकते. ही संमिश्र भावना पुष्कळदा मतदाराच्या चंचलतेचे अथवा अप्रगल्भतेचे लक्षण मानली जाते. वस्तुतः तिचा उगम मतदाराच्या स्वभावात नसून निवडणुकीच्या रचनेतच आहे. आणि लोकशाहीच्या स्थैर्याला ती बाधक नसून पोषकच आहे. अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्याच्या उदाहरणावरून हे स्पष्ट करता येईल.

कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्रा यांवर जगणारा हा तालुका लोकसभेसाठी अमरावती मतदारसंघात, तर विधानसभेसाठी बव्हंशी अचलपूर मतदारसंघात मोडतो. २६ एप्रिल २०२४ रोजी येथे लोकसभेसाठी मतदान झाले आणि ४ जूनला मतमोजणी झाली. काँग्रेसचे बळवंत वानखडे यांना ५,२६,२७१, भारतीय जनता पक्षाच्या नवनीत राणा यांना ५,०६,५४० आणि प्रहार जनशक्ती पक्षाचे दिनेश बूब यांना ८५,३०० मते मिळाली. विजयाचे अंतर अवघे १९,७३१ मतांचे होते. या तिघांच्या मतांची बेरीज ११,१८,१११ होते व तिचा अर्धा भाग ५,५९,०५५ हून अधिक भरतो. म्हणजे केवळ या तिघांचा हिशेब केला तरी विजयी उमेदवाराला निम्मी मते मिळालेली नाहीत. यात दोष कोणाचाच नाही. ज्याला सर्वांत अधिक मते तो निवडून आला, या नियमाचा हा स्वाभाविक परिणाम होय. परंतु त्यामुळे निकालाच्या सायंकाळी अर्ध्याहून अधिक मतदार आपला उमेदवार पडल्याच्या जाणिवेने घरी परततात, हे ध्यानात घेतले पाहिजे.

त्याच दिवशी देशाचा निकालही लागला, आणि तो स्वतःच संमिश्र होता. २०१९ साली ३०३ जागा जिंकणारा भारतीय जनता पक्ष २४० वर थांबला. स्वबळावर बहुमतास लागणाऱ्या २७२ जागा त्याला मिळाल्या नाहीत. तथापि राष्ट्रीय लोकशाही आघाडीला २९३ जागा मिळून नरेंद्र मोदी यांनी ९ जूनला तिसऱ्यांदा पंतप्रधानपदाची शपथ घेतली. काँग्रेसच्या जागा ५२ वरून ९९ वर गेल्या, पण सत्ता मिळाली नाही. जिंकणाऱ्याच्या आनंदाला उणेपणाची आणि हरणाऱ्याच्या दुःखाला समाधानाची किनार होती. शेजारच्या अकोला मतदारसंघात तर भारतीय जनता पक्षाचे अनुप धोत्रे ४०,६२६ मतांनी विजयी झाले. एकाच वऱ्हाडात, एकाच दिवशी, एका गावी गुलाल ज्या पक्षाचा उधळला त्याच पक्षाच्या कार्यालयात दुसऱ्या गावी शांतता असावी, असा हा योग होता.

अशा प्रसंगी मतदाराच्या मनःस्थितीचे पृथक्करण करावयाचे तर प्रथम हे मानले पाहिजे की एकच मत तीन निरनिराळ्या प्रश्नांना उत्तर देत असते. आपल्या भागाचे गाऱ्हाणे दिल्लीत कोणी मांडावे, हा पहिला प्रश्न. देशावर राज्य कोणी करावे, हा दुसरा. आणि गावात, आळीत, जातीत, बाजारात कोणाची बाजू वरचढ ठरावी, हा तिसरा. बटण एकदाच दाबले जाते. उत्तरे मात्र तीन येतात, आणि ती एकमेकांशी जुळतीलच असे नाही. काँग्रेसला मत देणाऱ्या कास्तकाराला जून २०२४ मध्ये पहिल्या प्रश्नाचे उत्तर मनाजोगे मिळाले, दुसऱ्याचे मिळाले नाही. भारतीय जनता पक्षाला मत देणाऱ्याची स्थिती नेमकी उलट झाली. ‘प्रहार’च्या मतदाराची अवस्था अधिक गुंतागुंतीची होती. त्याचा पक्ष राज्यात सत्तारूढ महायुतीसोबत असूनही येथे स्वतंत्रपणे लढला; उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर राहिला; पण त्याची मते विजयाच्या अंतराच्या चौपटीहून अधिक होती. पराभव आणि आपल्या वजनाची प्रचीती ही दोन्ही एकाच आकड्यात त्याच्या हाती आली.

या मनःस्थितीसाठी नवे शब्द शोधण्याची आवश्यकता नाही. भरताने नाट्यशास्त्रात स्थायी भावांच्या जोडीला ३३ व्यभिचारी भाव सांगितले, आणि उत्तरकालीन साहित्यशास्त्राने त्यांच्या मिश्रणाचे प्रकार वर्णिले. तुल्यबळ असे दोन भाव एकाच वेळी उपस्थित असतात तेव्हा भावसंधी. एकामागून एक भाव उद्भवून पुढील भाव मागील भावाला दूर सारतो तेव्हा भावशबलता. मतमोजणीचा दिवस भावशबलतेचा असतो. फेरीमागून फेरी जाहीर होते, आघाडी इकडून तिकडे जाते, आणि शंका, हर्ष, चिंता, विषाद यांची रांग लागते. निकालानंतरचे दिवस भावसंधीचे असतात. हर्ष आणि विषाद शेजारी शेजारी राहतात. कोणीच कोणाला घालवीत नाही.

अशी भावसंधी या मतदारसंघाला नवी नाही. १९७७ च्या मार्चमध्ये आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत उत्तर प्रदेशातील ८५ पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही, इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या आणि काँग्रेस देशभरात १५४ जागांवर आली. त्याच निवडणुकीत अमरावतीने मात्र काँग्रेसचे नाना बोंडे यांना निवडून दिले. ‘मिसा’खालील बंदिवान सुटले आणि वृत्तपत्रांवरील बंधने गेली, याचा आनंद येथील विरोधी मतदाराने स्थानिक पराभव पचवीतच भोगला. १९८९ मध्ये येथून कम्युनिस्ट पक्षाचे सुदामकाका देशमुख निवडून गेले. त्यांच्या पक्षाने ज्या विश्वनाथ प्रताप सिंह सरकारला बाहेरून पाठिंबा दिला, त्याच सरकारला भारतीय जनता पक्षाचाही पाठिंबा होता. १९९८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे रा. सू. गवई विजयी झाले आणि दिल्लीत अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार आले. २००४ आणि २००९ मध्ये शिवसेनेचे अनंत गुढे व आनंदराव अडसूळ निवडून आले, तर केंद्रात संयुक्त पुरोगामी आघाडी. स्थानिक कौल आणि राष्ट्रीय कौल यांची फारकत हा येथे अपवाद नसून वारंवार आलेला अनुभव आहे.

या फारकतीचे राजकीय मूल्य कोणते? क्रिस्टोफर अँडरसन व क्रिस्टीन गिलरी यांनी १९९७ साली युरोपातील ११ लोकशाही देशांच्या अभ्यासावरून असे दाखविले की, पराभूत पक्षाचे मतदार लोकशाहीच्या कारभाराविषयी विजयी पक्षाच्या मतदारांहून कमी समाधानी असतात. मात्र जेथे सत्ता अनेकांत वाटली जाते तेथे हे अंतर कमी राहते. लोकशाहीची खरी कसोटी जेत्याच्या उत्साहात नसून पराभूताच्या संमतीत असते, हा त्यातील मुख्य बोध होय. भारतात लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत असे अनेक थर असल्याने ही वाटणी काही अंशी आपोआप घडते. जो सर्वत्र हरला असा मतदार विरळा. आणि ज्याच्या हाती काहीतरी उरले, तो खेळ मोडण्यास सहसा प्रवृत्त होत नाही. ज्या आठवडी बाजारात दोन्ही बाजूंच्या मतदारांना एकाच अडत्याकडे माल घालावयाचा असतो, तेथे ही संमती केवळ तात्त्विक राहत नाही. ती दैनंदिन व्यवहाराची गरज असते.

मात्र एक धोका नजरेआड करता येत नाही. मतदानयंत्रांमुळे प्रत्येक केंद्राचे आकडे स्वतंत्रपणे प्रसिद्ध होतात. एका केंद्रावर साधारणतः हजाराच्या आसपास मतदार असल्याने कोणत्या गावाने, किंबहुना कोणत्या वस्तीने, कोणाला मते दिली हे उघड होते. मतपत्रिकांच्या काळात आवश्यक तेथे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची तरतूद होती. यंत्रांच्या बाबतीतही अनेक केंद्रांची बेरीज एकत्रच दाखविणारे ‘टोटलायझर’ यंत्र वापरावे, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात केली. ती अमलात आली नाही. व्यक्तीचे मत गुप्त राहते, वस्तीचे राहत नाही. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे गावातील वर्चस्वाचे, उत्तर सर्वांत ठळक बनते आणि पराभवाच्या दुःखात भीतीची भर पडते. संमिश्र भावनेतील समतोल ढळतो तो येथे.

निकालाचे उत्तर मात्र कधीच अखेरचे नसते. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचा निकाल लागला तेव्हा अचलपुरात २००४ पासून सलग चार वेळा निवडून आलेले बच्चू कडू पराभूत झाले आणि भारतीय जनता पक्षाचे प्रवीण तायडे विजयी झाले. जूनमध्ये ज्या घरी विषाद होता तेथे नोव्हेंबरात हर्ष आला, आणि उलटही झाले. अवघ्या साडेपाच महिन्यांत एकाच तालुक्याने दोन्ही भाव दोन्ही बाजूंनी अनुभवले. आजचा पराभूत उद्याचा विजयी होऊ शकतो, हा विश्वास जोपर्यंत टिकून आहे तोपर्यंत मतदाराचे मन द्विधा असणे ही चिंतेची बाब नव्हे. ज्या दिवशी जिंकणारा निर्भेळ हर्षाने आणि हरणारा निर्भेळ विषादाने घरी जाईल, तो दिवस अधिक चिंतेचा ठरेल.